थेंबभर रक्तात कॅन्सर खरंच सापडतो का? मायक्रोफ्लुइडिक चिप, पहिल्यापासून

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरत येते. फोटोत हातमोजे घातलेल्या बोटांत धरलेली काचेची छोटी पट्टी असते आणि वर मथळा, की आता रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कळणार. घरात कुणाला कॅन्सर झालेला असेल तर अशी बातमी वाचून नुसती सोडून देता येत नाही, ती लगेच फॉरवर्ड होते, मग कुणीतरी विचारतं की ही टेस्ट कुठे होते, आपण सगळ्यांनीच करून घ्यायची का, आणि तिथे उत्तर द्यायला कुणीच नसतं. मला ती पट्टी, म्हणजे मायक्रोफ्लुइडिक चिप, मनापासून आवडते, म्हणूनच तिच्या नावावर नको ते खपवलं की त्रास होतो. तर ती नक्की काय करते, कशी करते आणि ही थेंबाची गोष्ट कुठे गंडते ते सगळं नीट सांगतो.

गाठ एकीकडे, मग रक्तात काय सापडणार?

कॅन्सरची गाठ वाढायला लागली की तिला रक्तपुरवठा लागतो, त्यासाठी ती आसपास नवीन रक्तवाहिन्या तयार करवून घेते. या वाहिन्या घाईत झालेल्या, वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे गाठीतल्या काही पेशी सुटून रक्तात पडतात. त्यातल्या बहुतेक थोड्याच वेळात मरतात, कारण रक्ताच्या प्रवाहाचा मार त्यांना सोसत नाही आणि शरीराची संरक्षण यंत्रणाही त्यांच्या मागे लागलेली असते. पण एखादी टिकते, दुसऱ्या अवयवात जाऊन अडकते, तिथे रुजते, आणि मग डॉक्टर सांगतात की कॅन्सर पसरलाय. रक्तात फिरणाऱ्या या पेशींना सीटीसी असं नाव आहे, मी त्यांना सरळ फिरत्या पेशी म्हणतो.

ही काही आजकालची माहिती नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांनी कॅन्सरने दगावलेल्या एका माणसाचं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि त्यांना त्यात हुबेहूब त्याच्या गाठींमधल्यासारख्या पेशी दिसल्या. म्हणजे दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याला माहीत आहे की या पेशी रक्तात असतात. त्या हाताला लागत नव्हत्या, एवढंच.

पेशींशिवाय आणखी दोन गोष्टी रक्तात येतात. पेशी मरते तेव्हा तिचा डीएनए तुकड्या-तुकड्यांत रक्तात सुटतो. असा मोकळा डीएनए रक्तात असतो हे १९४८ मध्ये मांडेल आणि मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यातला जो भाग गाठीतून आलेला असतो त्याला सीटीडीएनए म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे एक्सोसोम, पेशी बाहेर टाकते त्या अतिसूक्ष्म पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, आणि त्यांच्या आत त्या पेशीची प्रथिनं आणि आरएनए भरलेलं असतं. रक्तातच कशाला, लघवीत, लाळेत, मेंदू आणि मणक्याभोवतीच्या द्रवात, छातीत पाणी झालं तर त्या पाण्यातही यातलं काही ना काही मिळू शकतं.

अवघड आहे ते शोधणं, कारण संख्या

इथे थोडं आकड्यांत शिरू, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी असतात सुमारे ५०० कोटी, आणि पांढऱ्या पेशी ४० लाख ते १ कोटी १० लाखांपर्यंत. ज्या पेशंटचा कॅन्सर पसरलेला आहे, म्हणजे जिथे फिरत्या पेशी भरपूर असायला हव्यात, तिथेसुद्धा मिलिलिटरमागे बऱ्याचदा एक ते दहाच्या आसपास सापडतात, आणि काही जणांत तेवढ्याही नाही.

सेलसर्च नावाची एक टेस्ट आहे, तिला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्टना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २००४ मध्ये मान्यता दिली. तिच्यात ७.५ मिलिलिटर रक्त घेतात. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्या ७.५ मिलिलिटरमध्ये ५ किंवा जास्त फिरत्या पेशी सापडल्या तर आजार जास्त आक्रमक धरतात. त्याच ७.५ मिलिलिटरमध्ये तांबड्या पेशी होतात ३,७५० कोटी. पृथ्वीवर जेवढी माणसं आहेत त्याच्या चौपटीपेक्षा जास्त गर्दी, आणि त्यातल्या पाच जणांना हुडकून काढायचंय, तेही त्यांना धक्का न लागता.

मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी बघत बसलो तर जन्म जाईल. चिप हवी ती यासाठी.

चिप म्हणजे काय?

मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहूनही अरुंद नळ्यांतून द्रव खेळवण्याचं तंत्र. चिप म्हटलं की कॉम्प्युटरची चिप डोळ्यांसमोर येते, पण हिच्यात पुष्कळदा इलेक्ट्रॉनिक्स काहीच नसतं. नाव पडलं ते बनवण्याच्या पद्धतीवरून. कॉम्प्युटर चिपसाठी प्रकाशाने बारीक नक्षी उमटवतात तशीच नक्षी आधी एका साच्यावर उमटवायची, त्यावर पारदर्शक सिलिकॉन रबर ओतायचं, घट्ट झालं की सोलून काढायचं आणि काचेच्या पट्टीवर चिकटवायचं. रबर आणि काच यांच्यामध्ये जी पोकळ नक्षी राहिली तेच आपले कालवे. एका बाजूने बारीक नळीतून रक्त सोडायचं, दुसऱ्या बाजूने ते बाहेर येतं.

इतक्या अरुंद जागेत पाणी वेगळंच वागतं, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. नदीत भोवरे होतात, लाटा येतात, सगळं एकमेकांत मिसळतं. या कालव्यांत तसं होत नाही. लाल आणि निळ्या रंगाचं पाणी शेजारी-शेजारी सोडलं तर ते दोन पट्ट्यांत, मध्ये सरळ रेष ठेवून, शेवटपर्यंत वाहत जातं. प्रवाह असा शिस्तीत असला की कुठली पेशी कुठल्या रेषेवरून जाणार याचं गणित आधीच मांडता येतं, आणि मग नक्षी अशी काढता येते की मोठी पेशी एका बाजूला सरकेल आणि लहान दुसऱ्या बाजूला.

चाळणं, पाखडणं आणि निवडणं

धान्य साफ करायचे आपल्याकडे तीन शब्द आहेत ना, चाळणं, पाखडणं, निवडणं. या चिपा जे करतात ते याच तीन शब्दांत बसतं.

आधी चाळणं. तांबडी पेशी ६ ते ८ मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि वाट्टेल तशी दुमडते. कॅन्सरची पेशी सहसा तिच्यापेक्षा बरीच मोठी असते आणि बऱ्याच पांढऱ्या पेशींपेक्षाही मोठी. मग फट अशी ठेवायची की बाकीच्या निसटतील आणि मोठी, न दबणारी पेशी अडकून राहील. पार्सॉर्टिक्स नावाचं यंत्र हेच करतं, त्याच्यात सगळ्यात अरुंद फट ६.५ मायक्रॉनची आहे, आणि पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तातून फिरत्या पेशी पकडण्यासाठी त्याला एफडीएची परवानगी २०२२ मध्ये मिळाली. चाळणीचाच आणखी हुशार प्रकार २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी दाखवला. त्यात कालव्यात खांबांच्या रांगा असतात आणि प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा किंचित सरकवलेली असते. लहान पेशी प्रवाहाबरोबर खांबांमधून नागमोडी निघून जाते, मोठी पेशी मात्र प्रत्येक खांबाला थडकून दर वेळी थोडी-थोडी एकाच बाजूला ढकलली जाते, आणि शेकडो खांब ओलांडेपर्यंत ती अगदी वेगळ्या तोंडाला येऊन पोचते. काहीच अडकत नाही, फक्त वाटा वेगळ्या होतात.

पाखडताना आपण सूप असं हलवतो की हलकं पुढे जातं आणि जड मागे राहतं, फट-बिट काही नसते, नुसती गती. चिपमध्ये त्यासाठी जलेबीसारखा गोल-गोल गुंडाळलेला कालवा करतात. वळणावर जोरात वाहणाऱ्या द्रवात मोठ्या पेशी आतल्या भिंतीजवळ रांग धरतात आणि लहान पेशी बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात. सिंगापूरच्या संशोधकांनी या पद्धतीवर बरंच काम केलंय. वेग जास्त असतो, काही अडकत नाही, आणि पेशी जिवंत बाहेर येतात, जिवंत का हव्यात ते शेवटी सांगतो.

आता निवडणं, म्हणजे ओळख पटवून एकेक उचलणं. स्तन, आतडी, फुप्फुस अशा ठिकाणच्या अस्तराच्या पेशींवर एपकॅम नावाचं प्रथिन असतं, आणि रक्तातल्या मूळच्या पेशींवर ते नसतं. म्हणून रक्तात एपकॅमवाली पेशी दिसली की समजायचं ही बाहेरून आलेली. या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी चिपमध्ये लावून ठेवली की झालं. २००७ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मेहमेत टोनर आणि डॅनियल हेबर यांच्या टीमने अशी चिप प्रसिद्ध केली, मायक्रोस्कोपच्या काचपट्टीएवढी, आणि तिच्यात होते ७८,००० बारीक खांब, सगळ्यांना अँटीबॉडी लावलेली. डोळ्यांसमोर आणून बघा, तांबड्या पेशी खांबांना वळसे घालत झरझर निघून चालल्यात, मध्येच एक मोठी गोल पेशी येते, खांबाला घासते, आणि तिथेच चिकटून थांबते, बाकीचं सगळं रक्त तिच्या बाजूने वाहून जातं. कॅन्सर पेशंटच्या ११६ सॅम्पलपैकी ११५ मध्ये त्यांना अशा पेशी सापडल्या. त्यानंतर या विषयात माणसं आणि पैसा दोन्ही ओतले गेले.

पण तिच्यात अडचण होती, आणि ती त्या शिस्तीच्या प्रवाहामुळेच. सगळं सरळ रेषेत वाहतं म्हटल्यावर जी पेशी कालव्याच्या मधोमध आहे ती कशालाही न शिवता निघून जाऊ शकते. म्हणून त्याच लोकांनी २०१० मध्ये कालव्याच्या छतावर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा पाडल्या, जेणेकरून रक्त हळूहळू गोल ढवळलं जाईल आणि प्रत्येक पेशी भिंतीला एकदा तरी घासेल. आणि २०१३ मध्ये त्यांनी विचारच उलटा केला, की जे हवंय ते धरण्यापेक्षा जे नको ते काढून टाकू. आधी खांबांच्या रांगांनी तांबड्या पेशी बाजूला केल्या, उरलेल्या पेशी एका रांगेत आणल्या, आणि पांढऱ्या पेशींना आधीच चुंबकीय कण चिकटवून ठेवलेले असल्यामुळे चुंबकाने त्या बाहेर ओढल्या. जे उरलं त्यात फिरत्या पेशी, त्यांच्यावर एपकॅम असो नसो.

असो नसो हे महत्त्वाचं आहे. कारण कॅन्सरच्या पेशी गाठीतून सुटताना कधी-कधी रूप बदलतात आणि एपकॅम कमी करतात किंवा टाकूनच देतात. फक्त एपकॅमवर विसंबलेली चिप अशा पेशींना बघतच नाही, आणि नेमक्या त्यांच्यातल्याच काही जास्त पसरणाऱ्या असू शकतात. चाळणीचं पण तसंच, लहान आकाराची कॅन्सरची पेशी असली की ती निसटली. सगळ्यांत चांगली पद्धत कुठली याचं एक उत्तर नाही, प्रत्येक पद्धत काहीतरी सोडते.

सापडलेली पेशी कॅन्सरचीच कशावरून?

चिपमधून जे निघतं ते शुद्ध कधीच नसतं, पाच कॅन्सरच्या पेशींबरोबर शेकडो-हजारो पांढऱ्या पेशी आलेल्या असतात. म्हणून मग रंग देतात. एक रंग पेशीच्या केंद्रकाला निळा करतो. दुसरा सायटोकेरॅटिनला लागतो, हे अस्तराच्या पेशींच्या आतलं प्रथिन. तिसरा पांढऱ्या पेशींच्या खुणेला लागतो. केंद्रक आहे, सायटोकेरॅटिन आहे आणि पांढऱ्या पेशीची खूण नाही, असं तिन्ही जुळलं तरच ती मोजायची.

ऐकायला सरळ वाटतं, पण स्क्रीनवर जे चौकोनी फोटो येतात त्यात एक निळा ठिपका अर्धा तुटलेला असतो, दुसऱ्यात रंग फिका, तिसऱ्यात दोन पेशी एकमेकींवर चढलेल्या. ही मोजायची की सोडायची हे शेवटी अनुभवी माणूस ठरवतो. सहा आणि चार यात फरक फार नाही, पण मर्यादा पाचची असेल तर पेशंट या गटातून त्या गटात जातो. म्हणून मला चिपइतकीच ही पायरी महत्त्वाची वाटते, बातम्यांत तिचा कधी उल्लेखसुद्धा नसतो.

शुगर एका थेंबात कळते, मग कॅन्सर का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. शुगर मोजताना आपण ग्लुकोजचे रेणू मोजतो, आणि एका थेंबात ते अब्जावधींच्याही कितीतरी पलीकडे असतात. कुठलाही थेंब घ्या, प्रमाण तेच येणार.

फिरत्या पेशींचं तसं नाही. थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ७.५ मिलिलिटरमध्ये दीडशे थेंब झाले. त्या दीडशे थेंबांत मिळून पाच पेशी आहेत, तर तीस थेंबांमागे एक. मग बोटाला टोचून एकच थेंब घेतला तर त्यात एकही पेशी नसण्याची शक्यता जवळजवळ ९७ टक्के. माणसाला पसरलेला कॅन्सर आहे, चिप जगातली सर्वोत्तम आहे, एकही पेशी ती सोडत नाही, तरीही शंभरातल्या ९७ वेळा रिपोर्ट येणार की काही सापडलं नाही. जे थेंबात आलंच नाही ते कुठलीच चिप दाखवू शकत नाही. चिप लहान असते, तिला लागणारं रक्त लहान नसतं, ही गल्लत बातम्या हमखास करतात.

बोटाच्या टोकातून काही थेंब घेऊन ढीगभर टेस्ट करून देऊ असं सांगणारी थेरानोस ही अमेरिकन कंपनी २००३ मध्ये सुरू झाली होती, २०१५ पासून तिच्या दाव्यांवर जाहीर प्रश्न उठले आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. लोकांनी विश्वास ठेवला याचं मला आश्चर्य वाटत नाही, सुई न टोचता, नळ्या न भरता टेस्ट व्हावी असं कुणाला वाटत नाही?

मग पेशी सोडून डीएनए शोधला तर?

हो, आणि प्रत्यक्ष दवाखान्यात आज हाच रस्ता जास्त पुढे गेलाय. एका मरणाऱ्या पेशीतून डीएनएचे पुष्कळ तुकडे सुटतात, त्यामुळे पेशी नसली तरी तुकडे मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय हे तुकडे रक्तात फार टिकत नाहीत, अडीच तासांच्या आत त्यातले अर्धे साफ होतात, म्हणून आज रक्तात जे दिसतंय ते आजचं असतं, गेल्या महिन्याचं नाही. ऑपरेशन नीट झालं का, औषध लागू पडतंय का हे बघायला असं ताजं काहीतरी हवंच असतं.

अडचण पुन्हा गर्दीची. निरोगी पेशींचा डीएनएही रक्तात असतो, आणि हजार साध्या तुकड्यांत एखादा बिघडलेला. इथे मायक्रोफ्लुइडिक्स वेगळ्या रूपात कामाला येतं. चिपमध्ये सॅम्पल तेलाच्या प्रवाहाला अशा कोनात भेटवतात की त्याचे एकसारखे बारीक थेंब तुटत जातात, २० मायक्रोलिटर सॅम्पलचे मिळून सुमारे २०,००० थेंब. मोठ्या सभागृहात हजार माणसं बोलतायत आणि एक जण हळू आवाजात काहीतरी वेगळं सांगतोय, तर ते ऐकू येणार नाही, पण प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं तर त्या एका खोलीतून स्पष्ट येईल. तसंच, प्रत्येक थेंब ही वेगळी खोली, त्यात बहुतेकदा एखादाच तुकडा, आणि प्रत्येकात पीसीआर करायचं, म्हणजे त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायच्या. ज्या थेंबात बिघडलेला तुकडा होता तो चमकतो. चमकणारे थेंब मोजायचे. याला डिजिटल पीसीआर म्हणतात आणि लॅबमध्ये हे रोजचं काम झालंय.

लघवीचा रस्ताही आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये झिंक ऑक्साइडच्या अतिबारीक तारा रोवलेली चिप दाखवली, तिच्यातून १ मिलिलिटर लघवी सोडली की तीत तरंगणारे एक्सोसोम तारांना चिकटतात आणि त्यांच्या आतले आरएनएचे छोटे तुकडे वाचता येतात. सुई नाही, काही नाही. कुठल्या कॅन्सरला कुठले तुकडे हे पक्कं करायचं काम मात्र लांबचं आहे. आणि छातीत पाणी झालेल्या पेशंटच्या बाबतीत तर पेशींचा मऊपणाच मोजतात, कारण अशा पाण्यातल्या पसरणाऱ्या कॅन्सर पेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ असल्याचं २००७ मध्ये दिसलं होतं. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी पुढे अशी चिप केली जिच्यात पेशी प्रवाहाच्या जोराने दाबली जाते आणि ती किती चपटी होते याचा फोटो कॅमेरा घेतो, सेकंदाला हजारो पेशी.

"९५ टक्के अचूक" म्हणजे घरातल्या सगळ्यांनी करून घ्यायची का?

इथे घाई नको, हिशोब करून बघू. आकडे मी समजावण्यासाठी धरतोय. समजा १ लाख लोकांची टेस्ट केली, त्यातल्या ५०० जणांना खरंच कॅन्सर आहे. टेस्ट १०० कॅन्सरवाल्यांतले ८० पकडते, आणि १०० निरोगी माणसांतल्या ९५ जणांना बरोबर निरोगी सांगते. तर ५०० पैकी ४०० सापडले, १०० सुटले. आणि ९९,५०० निरोगी लोकांतले ५ टक्के, म्हणजे ४,९७५ जणांना तिने चुकून कॅन्सर असल्याचं सांगितलं. एकूण ५,३७५ लोकांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि त्यातले खरे ४००. शंभरात साधारण सात. उरलेल्या ९३ जणांना स्कॅन, सुया, रात्र-रात्र झोप नाही, आणि शेवटी कळतं की काही नव्हतं.

टेस्ट वाईट आहे म्हणून असं होत नाही, कुठल्याही एका वेळी निरोगी लोक खूप आणि आजारी थोडे असतात म्हणून होतं. तीच टेस्ट जिथे कॅन्सरची शक्यता मुळातच जास्त आहे तिथे वापरली तर चित्र पालटतं.

लवकर सापडलं तर जीव वाचेल, मग थोडी भीती सोसू, असं कुणी म्हणेल. मलाही आधी असंच वाटायचं. पण ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ ही रक्ताची टेस्ट आणि सोनोग्राफी वापरून मोठा अभ्यास झाला, आणि २०२१ मध्ये त्याचा निकाल आला. रक्ताच्या टेस्टने कॅन्सर आधीच्या टप्प्यात जास्त सापडले, तरीही त्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. दक्षिण कोरियात थायरॉईडची सोनोग्राफी सरसकट व्हायला लागल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कॅन्सरचं निदान १५ पट झालं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले, म्हणजे कधीच त्रास न देणाऱ्या गाठी शोधून हजारो लोकांची ऑपरेशनं झाली. सापडणं आणि वाचणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

याचा अर्थ तपासणीसाठी रक्ताची टेस्ट कधीच चालणार नाही असा नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शील्ड नावाच्या टेस्टला एफडीएने जुलै २०२४ मध्ये मान्यता दिली, ती ८३ टक्के कॅन्सर पकडते. पण कॅन्सर होण्याआधीच्या मोठ्या धोकादायक गाठी ती फक्त १३ टक्के पकडते, आणि दुर्बीण घालून तपासण्याचा मोठा फायदा या गाठी वेळीच काढून टाकण्यात आहे. आणि हो, तिलाही नळीत घेतलेलं रक्त लागतं, बोटाचा थेंब नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नवीन चिपची बातमी येते की ९० टक्क्यांहून जास्त पेशी पकडल्या, तेव्हा त्या पेशी कुठून आल्या ते वाचा. अनेकदा लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तात मोजून घातलेल्या असतात आणि त्यातल्या किती परत मिळाल्या ते सांगितलेलं असतं. चिप बनवताना ही पायरी लागतेच, तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण लॅबमधल्या पेशी मोठ्या, गुटगुटीत, एपकॅमने भरलेल्या असतात, आणि पेशंटच्या रक्तातल्या पेशी मार खाल्लेल्या आणि नाना आकारांच्या. शिवाय खरं रक्त काही तासांत बदलायला लागतं, गुठळ्या होतात, एखादा हवेचा बुडबुडा अडकला तरी अख्खा कालवा बंद पडतो.

मग उपयोग कुणाला?

ज्यांना कॅन्सर आहे हे आधीच माहीत आहे त्यांना. आणि हा उपयोग छोटा मुळीच नाही.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बिघाड असेल तर त्यावर नेमकी चालणारी औषधं आहेत. तो बिघाड बघायला फुप्फुसातून तुकडा काढावा लागायचा, आणि थकलेल्या, धाप लागलेल्या माणसाला तो त्रास मोठा असतो. जून २०१६ मध्ये एफडीएने तो बिघाड रक्तातून बघणाऱ्या टेस्टला मान्यता दिली. रक्तात सापडला तर औषध सुरू करता येतं, नाही सापडला तर तुकडा काढून बघायचं, कारण रक्तात नसणं म्हणजे गाठीत नसणं असं होत नाही. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ४५५ पेशंटवर ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. ऑपरेशननंतर रक्तात गाठीचा डीएनए उरलाय का ते बघून केमो द्यायची की नाही ठरवलं, तर केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं आणि दोन वर्षांनी आजार परत येण्यात काही वाईट फरक दिसला नाही. केमो जवळून पाहिलेल्या कुणालाही विचारा या आकड्याची किंमत काय आहे.

अपयशही सांगायला हवं. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांमध्ये केमोच्या पहिल्या फेरीनंतरही फिरत्या पेशी पाच किंवा जास्त राहिल्या तर लगेच औषध बदलून बघायचं, असा एक अभ्यास अमेरिकेत झाला. २०१४ मध्ये निकाल आला, औषध बदलूनही आयुष्य वाढलं नाही. पेशींच्या संख्येने आजार किती जोरात आहे ते बरोबर सांगितलं होतं, पण बदलून दिलेलं औषधही त्याला पुरलं नाही.

म्हणजे बायोप्सी बंद होणार?

नाही, निदान इतक्यात तरी नाही. रक्तात कॅन्सरचा डीएनए दिसला तरी गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, शेजारच्या कशात घुसली आहे हे रक्त पुरेसं सांगत नाही, त्यासाठी स्कॅन लागतो आणि गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. पण तुकडा दर महिन्याला काढता येत नाही, रक्त काढता येतं. रक्ताची टेस्ट तुकड्याच्या जोडीला आली की दोन तुकड्यांच्या मधल्या काळात काय चाललंय ते कळतं.

पेशी जिवंत बाहेर काढल्या तर

डीएनए शोधणं सोपं असेल तर चिपमधून अख्ख्या पेशी पकडायचा खटाटोप कशाला, असं विचारणारे बरेच आहेत. डीएनएचा तुकडा हा मेलेल्या पेशीचा असतो, त्याला काही विचारता येत नाही. फिरती पेशी जिवंत असते, आणि पुढे जाऊन रुजणाऱ्यांपैकी ती एक असू शकते. २०१४ मध्ये हे दिसलं की अशा पेशी दोन-चारच्या घोळक्याने फिरत असतील तर त्यांची पसरण्याची ताकद एकट्या पेशीपेक्षा २३ ते ५० पट असते. एकेका डीएनए तुकड्यावरून असा घोळका कधीच कळला नसता, तो अख्खाच्या अख्खा पकडावा लागतो, आणि न फोडता पकडायला खास वेगळ्या चिपा लागतात.

त्याच वर्षी बोस्टनच्या त्याच टीमने स्तनाचा कॅन्सर असलेल्या सहा बायकांच्या रक्तातल्या फिरत्या पेशी चिपने वेगळ्या काढून लॅबमध्ये वाढवल्या, आणि कुठली औषधं त्यांच्यावर चालतात ते त्या पेशींवरच तपासून बघितलं. म्हणजे औषध आधी पेशंटला देऊन बघायचं याऐवजी तिच्या पेशींना देऊन बघायचं. मला वाटतं या चिपेचं खरं वचन हेच आहे. पण त्या पेशी वाढायला महिने लागतात, बहुतेक पेशंटच्या रक्तातून निघालेल्या पेशी वाढतच नाहीत, आणि ज्यांना उत्तर हवंय त्यांच्याकडे तेवढे महिने नसतात. म्हणून आता प्रयत्न चाललेत ते पेशी वाढवत न बसता, ज्या पाच-दहा मिळाल्या त्याच चिपमध्ये कप्प्या-कप्प्यांत ठेवून काही दिवसांत औषध तपासायचे.